वॉर्सात भेटलेले वळिवडे

दरवर्षी १ ऑगस्ट रोजी सायंकाळी बरोबर पाच वाजता पोलंडची राजधानी असलेल्या वॉर्सा शहरात भोंगे वाजू लागतात. धावती ट्राम जागच्या जागी उभी राहते. मोटारी थांबतात आणि त्यांतील माणसे खाली उतरून रस्त्यात उभी राहतात. बाजाराच्या पिशव्या हातात असलेल्या गृहिणी, कार्यालयातून घरी निघालेले तरुण, आजोबांचा हात धरलेली नातवंडे, सारे एक मिनिट नि:शब्द होतात. मग भोंगे थांबतात आणि शहर पुन्हा चालू लागते. मुलाच्या नोकरीनिमित्त या शहरात आम्हा उभयतांचे राहणे झाले. व्हिसाच्या नियमामुळे एका वेळी तीन महिने, अशा तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेस हे दृश्य मी एका चौकात उभा राहून अनुभवले. तोपर्यंत शहरातील बहुतेक सर्व ‘प्रेक्षणीय स्थळे’ माझी पाहून झाली होती. त्या एका मिनिटात मात्र प्रथमच मनात आले की, ज्याला आपण पाहून झाले म्हणतो, ते खरोखर पाहून झाले आहे का?

आज आपल्यापैकी असंख्य कुटुंबांतील मुले-मुली, सुना-जावई युरोपातील कुठल्या ना कुठल्या शहरी स्थायिक आहेत. आईवडील आले की शनिवार-रविवारचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी राजवाडा, दुपारी चर्च, सायंकाळी नदीकाठ. प्रत्येक ठिकाणी छायाचित्र, ते त्याच क्षणी गावाकडच्या नातेवाइकांना रवाना आणि पुढच्या स्थळाकडे कूच. यात निंदा करण्यासारखे काही नाही, आम्हीही तेच केले. परंतु दोन दिवसांसाठी आलेला प्रवासी आणि त्याच शहरात महिनोन्‌महिने राहणारा रहिवासी यांच्या पाहण्यात काही अंतर असायला नको काय? आपल्या भाषेने या कामासाठी ‘स्थलदर्शन’ असा सुंदर शब्द योजला आहे. दर्शन म्हटले की पाहणाऱ्यावरही काही बंधन येते. हात-पाय धुऊन, मन सावध करून जावे लागते. ते बंधन गळून पडले की उरते ती नुसती पाहणी. वॉर्सा शहराने मला हा फरक शिकवला, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुने दिसणारे नवे शहर

वॉर्सा येथील ‘जुने शहर’ म्हणजे प्रवाशांचे पहिले आकर्षण. किल्ल्यासमोरील चौकात राजा तिसरा झिगमुंट याचा १६४४ साली उभारलेला उंच स्तंभ आहे. तेथून अरुंद, दगडी फरसबंदीच्या गल्ल्यांतून आत गेले की बाजारचौक लागतो. चौकाच्या चारही बाजूंना पिवळ्या, तांबूस, हिरवट रंगांची उतरत्या छपरांची घरे आणि मध्यभागी हाती तलवार-ढाल घेतलेली मत्स्यकन्या. पाहणाऱ्यास वाटावे, तीन-चारशे वर्षे हा चौक असाच उभा आहे. वस्तुत: यांतील बहुतेक घरे माझ्या पिढीच्या वयाची आहेत!

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या भूमिगत सेनेने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. व्हिस्तुला नदीच्या पलीकडच्या तीरावर रशियन सैन्य येऊन ठेपले होते, परंतु उठाव चिरडला जाईपर्यंत त्याने शहर सोडवले नाही. दीड ते दोन लाख नागरिक मृत्युमुखी पडले. शरणागतीनंतर उरलेल्या लोकसंख्येला शहराबाहेर हाकलण्यात आले आणि मग जर्मन पथकांनी रिकाम्या शहरातील एकेक इमारत पद्धतशीरपणे जाळली व सुरुंग लावून उडवली. राजवाड्याच्या भिंतींना सुरुंगासाठी आधीच भोके पाडून ठेवलेली होती. ग्रंथालये जाळली गेली, त्यांत हस्तलिखितांचे अमोल संग्रह भस्मसात झाले. ऐतिहासिक शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. केवळ माणसे मारून भागत नाही, त्या माणसांना ‘आम्ही कोण’ हे सांगणाऱ्या वास्तू आणि ग्रंथही नाहीसे करावे लागतात, हे आक्रमकाला नेमके ठाऊक होते.

ते पोलिश लोकांनाही ठाऊक होते. जर्मन अमलाखाली असताना वॉर्साच्या तंत्रविद्यालयातील वास्तुशास्त्राचे प्राध्यापक व विद्यार्थी जुन्या वास्तूंची मोजमापे आणि रेखाटने जपत होते, गुपचूप नवी तयार करत होते. शहर नष्ट होत असताना त्यांतील बरीचशी कागदपत्रे बाहेर काढून पिओत्रकुफ येथील एका मठात लपवण्यात आली. फेब्रुवारी १९४५ मध्ये, युरोपातील युद्ध अद्याप संपलेले नसताना, राजधानीच्या पुनर्रचनेसाठी खास कार्यालय स्थापन झाले आणि या रेखाटनांच्या आधारे काम सुरू झाले. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने राजदरबारासाठी वॉर्साच्या रस्त्यांची तपशीलवार चित्रे काढली होती, त्यांचाही उपयोग झाला. १९५३ साली बाजारचौक पुन्हा लोकांसाठी खुला झाला. १९८० मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यामागे दगडांचे वय नव्हते, लोकांनी ते दगड पुन्हा रचले हे कारण होते.

राजवाड्याची कथा याहून बोलकी आहे. तत्कालीन साम्यवादी राजवटीला राजवाडा उभारण्याची घाई नव्हती. पंचवीस वर्षे ती जागा जवळजवळ रिकामी होती. १९७१ मध्ये निर्णय झाला आणि देशातील व परदेशांतील पोलिश लोकांनी वर्गणी देऊन तो उभा केला. १९८४ मध्ये तो प्रेक्षकांसाठी खुला झाला. आज आत फिरताना काही ठिकाणी नव्या भिंतीत बसवलेले मूळ दगडांचे तुकडे दिसतात. ढिगाऱ्यातून वेचून, वर्षानुवर्षे जपून ठेवलेले हे तुकडे. ३ मे १७९१ रोजी याच वाड्यात पोलंडने आपली लिखित राज्यघटना संमत केली. त्यानंतर चारच वर्षांत तीन साम्राज्यांनी हा देश आपसांत वाटून घेतला आणि १२३ वर्षे नकाशावर पोलंड नावाचे राष्ट्र नव्हते. १९१८ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. ज्यांचे राज्य गेले तरी राष्ट्र गेले नाही, त्यांना पडलेला वाडा पुन्हा बांधणे अशक्य वाटले नाही, यात नवल ते काय?

यादीत न मावणारे शहर

प्रवासी हे सर्व अर्ध्या दिवसात पाहतो. रहिवाशाला मात्र हळूहळू आणखी काही दिसू लागते. वझिएन्की उद्यानातील शोपँ या संगीतकाराचा पुतळा घ्या. १९२६ साली उभारलेला हा पुतळा जर्मनांनी १९४० मध्ये उडवून दिला, १९५८ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. १९५९ पासून उन्हाळ्यात दर रविवारी त्याच्या पायाशी विनामूल्य पियानोवादन होते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पुतळ्याचे छायाचित्र घेऊन दहा मिनिटांत निघालो. पुढे रविवारी दुपारी हिरवळीवर चटई टाकून बसू लागलो. शेजारच्या इमारतीतील आजीबाई तेथे नित्य येत. त्यांना इंग्रजी येत नसे, आम्हाला पोलिश येत नसे, सूनबाईने मध्ये दुभाषाचे काम केले की गप्पा होत. त्यांनी एकदा विचारले, ‘‘तुमच्या गावी रविवारी तुम्ही कुठे जाता?’’ उत्तर द्यायला मला वेळ लागला. गावी मी रविवारी कुठेच जात नसे.

शहराच्या दक्षिणेला विलानुफ येथे यान सोबिएस्की या राजाचा प्रासाद आहे. १६८३ साली व्हिएन्नाला पडलेला तुर्की वेढा मोडून काढणारा हा राजा. प्रासादातील माहितीफलक वाचताना एका तारखेपाशी मी थबकलो. सोबिएस्की यांची राजा म्हणून निवड झाली ती मे १६७४ मध्ये, वॉर्सानजीकच्या व्होला येथील मैदानावर. आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला! तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला, शिवराज्याभिषेकाची तारीख हजारो मुलांकडून घोकून घेतली. परंतु त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते, हे ना मी कधी पाहिले ना मुलांना सांगितले. परक्या शहरातील स्थळ असे आपल्याच इतिहासाकडे नव्याने पाहायला लावते. त्यासाठी फलकापाशी दोन मिनिटे थांबावे मात्र लागते.

या शहरात न दिसणारी स्थळेही आहेत आणि ती पाहिल्यावाचून वॉर्सा पाहिले असे म्हणता येणार नाही. पदपथावर मधूनच लोखंडी पट्टी लागते, तिच्यावर ‘घेट्टोची भिंत, १९४०-१९४३’ अशी अक्षरे आहेत. या भिंतीआड चार लाखांहून अधिक ज्यू कोंडले गेले. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतील बहुसंख्यांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेऊन मारण्यात आले. १९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी शस्त्र उचलले, तो उठावही चिरडला गेला आणि ती वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. तेथे आज मुरानुफ नावाची वसाहत आहे. तिची घरे विटा-दगडांच्या ढिगाऱ्यावरच, त्याच ढिगाऱ्याचा भुगा घालून केलेल्या ठोकळ्यांनी बांधली आहेत. जुना बाजारचौक हुबेहूब उभा राहिला, ही वस्ती तशी उभी राहिली नाही. ज्यांनी आग्रह धरावा ती माणसेच उरली नव्हती. आठवण जपणारा समाज उरला नाही तर दगड एकटे काही सांगू शकत नाहीत, याचा याहून विदारक पुरावा मी पाहिलेला नाही. अलीकडे, २०१३ मध्ये, या जागी पोलंडमधील ज्यूंच्या इतिहासाचे भव्य संग्रहालय सुरू झाले आणि दर १९ एप्रिलला पोलिश तरुण कोटावर पिवळे कागदी फूल लावून फिरतात. उशिरा का होईना, शहराने तीही आठवण आपली मानली.

आठवणीलाही लढावे लागते

हे सारे सुखासुखी घडले, असे कोणी समजू नये. युद्धानंतर आलेल्या मॉस्कोधार्जिण्या राजवटीला १९४४ चा उठाव अडचणीचा होता, कारण नदीपलीकडे कोण थांबले होते, हा प्रश्न त्यातून उपस्थित होत असे. त्यामुळे उठावाचे भव्य स्मारक उभे राहायला १९८९ साल उजाडावे लागले आणि उठावाचे संग्रहालय तर २००४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर साठ वर्षांनी उघडले. मधल्या काळात घरोघरच्या माणसांनी स्मशानभूमीत दिवे लावून ही आठवण जिवंत ठेवली. आजही १ ऑगस्टला पोवाँझ्की स्मशानभूमीत काचेच्या आवरणातील मेणाच्या दिव्यांची रांगच रांग लागते. आपल्याकडे पितरांचे स्मरण ही घरातील गोष्ट मानली जाते, तेथे ज्याचे कोणी उरले नाही त्याच्या थडग्यावरही कोणीतरी दिवा ठेवून जाते. उठाव करावा की नको होता, याविषयी पोलिश लोकांत आजही तीव्र मतभेद आहेत. पण पाच वाजता भोंगा वाजला की दोन्ही मतांची माणसे एकाच रस्त्यावर उभी राहतात.

शहराच्या मध्यभागी २३७ मीटर उंचीचा संस्कृती व विज्ञान प्रासाद आहे. स्टालिनच्या नावाने मिळालेली, १९५५ मध्ये पुरी झालेली ही रशियाची ‘भेट’. शहराचे सर्वांत सुंदर दृश्य याच इमारतीच्या गच्चीवरून दिसते, कारण तेथून ही इमारत दिसत नाही, असा विनोद लोक करतात. झारच्या काळात शहराच्या प्रमुख चौकात बांधलेले प्रचंड रशियन चर्च स्वतंत्र पोलंडने १९२० च्या दशकात पाडून टाकले होते. हा प्रासाद मात्र पाडा, अशी मागणी वारंवार होऊनही टिकला. २००७ मध्ये त्याची नोंद संरक्षित वास्तूंत झाली. त्यात आज नाट्यगृहे, संग्रहालय, चित्रपटगृहे आहेत. या दोन निर्णयांतील कोणता बरोबर, हा वाद पोलिश माणसांनी घालावा. माझ्यासारख्या पाहुण्याच्या लक्षात आले ते इतकेच की, हा समाज प्रत्येक वास्तूपाशी थांबून ‘हिचे आम्ही काय करायचे’ असा प्रश्न स्वत:ला विचारतो आणि उत्तराची जबाबदारीही घेतो.

आणि मग आमचे गाव

तिसऱ्या खेपेस, परतीला आठवडा उरला असताना, मी एकटाच मोंते कासिनो येथील लढाईच्या स्मारकापाशी गेलो. १९४४ मध्ये इटलीतील त्या डोंगरासाठी झालेल्या लढायांत पोलिश सैन्याबरोबर भारतीय सैनिकही लढले होते, एवढे ठाऊक होते. त्या स्मारकाशेजारी एक स्मृतिफलक दिसला. जवळ जाऊन वाचू लागलो आणि रोमन लिपीत चक्क आमचे नाव : वळिवडे-कोल्हापूर!

मी कोल्हापूरचा. वळिवडे आमच्या शहराला जवळजवळ लागूनच. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी रशियाने पूर्व पोलंडमधून लक्षावधी लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. त्यातून सुटलेले काही हजार निर्वासित, मुख्यत: स्त्रिया व मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आश्रय दिला. वॉर्सात ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे, तो त्यांच्याच स्मरणार्थ. आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीने देशोधडीला लागलेल्या सिंधी बांधवांनी आसरा घेतला आणि गांधीनगरची बाजारपेठ वसली. एकाच छपराखाली दोन देशांचे निर्वासित! लहानपणी वडिलांच्या तोंडून ‘पोलिश कँप’ हा शब्द अनेकदा ऐकला होता. दिवाळीच्या कापडखरेदीला गांधीनगरला तर दरवर्षी जात होतो. पण तीस वर्षांच्या नोकरीत पन्हाळ्याला, रायगडाला किती सहली नेल्या, एकदाही वर्गाला वळिवड्यास नेले नाही. हा दोष कोणा सरकारचा नाही, माझा आहे.

२१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या फलकापाशी पुष्पचक्र अर्पण केले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांत कोल्हापूरचे नाव झळकले. मोरारजीभाईंच्या १९७९ च्या भेटीनंतर ४५ वर्षांनी भारताचे पंतप्रधान पोलंडमध्ये गेले होते. २०१९ मध्ये वळिवडे येथेही स्मृतिस्तंभ उभारला गेला आणि वसाहतीत बालपण काढलेले वृद्ध पोलिश नागरिक त्यासाठी मुद्दाम आले होते. मी त्या वेळी कोल्हापुरातच होतो. बातमी वाचली आणि पान उलटले. त्यांनी आमचे गाव ७० वर्षे काळजात ठेवले, आम्हाला ते त्यांच्या राजधानीत जाऊन वाचावे लागले!

परदेशातून परतणाऱ्यांत दोन प्रवृत्ती दिसतात. एक म्हणते, ‘तिकडचे सगळेच छान, आपल्याकडे काही होणे नाही.’ दुसरी म्हणते, ‘त्यांच्याकडे काय आहे? आपला इतिहास पाच हजार वर्षांचा.’ दोन्ही प्रवृत्ती मुळात आळशी आहेत, कारण दोहोंतही आपल्याला काही करावे लागत नाही. इतिहास किती जुना यापेक्षा तो आज किती जणांच्या दिनक्रमात आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आनंद झालाच. परंतु ही मान्यता वॉर्साच्या जुन्या शहराला १९८० मध्येच मिळाली होती आणि तरीही तेथील माणसे आजही १ ऑगस्टला रस्त्यावर उभी राहतात. प्रमाणपत्र मिळाल्याने कर्तव्य संपत नाही.

म्हणून युरोपातील एखाद्या पुरातन शहरात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना एवढेच सांगावेसे वाटते. स्थळांची यादी जरूर करा, पण ती महिनाभरात संपवू नका. त्या शहराचा स्मरणदिन कोणता, हे शेजाऱ्याला विचारा आणि त्या दिवशी त्यांच्यात जाऊन उभे राहा. लहान मुलांना फलक वाचून दाखवा, त्यांच्या प्रश्नांना उत्तर नसेल तर रात्री घरी बसून शोधा. त्या शहराने काय जपले याबरोबर काय गमावले, तेही पाहा. आणि सुट्टीत गावी याल तेव्हा त्याच डोळ्यांनी आपल्या गावाची वेस, तळे, समाधी, पडका वाडा पाहा.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी वळिवड्याला गेलो. बरोबर जुन्या विद्यार्थ्यांपैकी चौघे होते आणि त्यांची मुले होती. स्तंभापाशी उभे राहून मी ती सारी हकीकत सांगितली. एका छोट्या मुलीने विचारले, ‘‘आजोबा, ती पोलिश मुले कुठल्या खोलीत राहायची?’’ मला सांगता आले नाही. पुढच्या रविवारी गांधीनगरातील वृद्ध सिंधी गृहस्थांना भेटून ते विचारायचे ठरले आहे.